एकसष्ट टक्के दात

"आई, पट्टी शेवटपर्यंत भरेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आणि बाबांना तर तिथे मोकळं सोडायचंच नाही."

सकाळी साडेसातला फोनवर एवढं सांगून मुलगा विमानात बसला. म्हणजे संध्याकाळपर्यंत त्याला काही विचारायची सोय गेली. मी त्याला 'बरं' म्हणाले नाही. दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही, हा माझा रोजचा नेम आहे. सोळा वर्षं झाली. पहिले तीन महिने तर घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. म्हणून फोनवर नखाने दोन टिचक्या मारल्या. दोन टिचक्या म्हणजे हो. एक म्हणजे नाही, पण ती मारायची वेळ फारशी येत नाही, कारण मला कुणी काही विचारतच नाही.

त्या दिवशीच्या गोंधळाचं मूळ मात्र मीच होते, तेव्हा आधी माझा गुन्हा सांगते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, जेवण झालं की कवळी काढून कागदी रुमालात गुंडाळतात आणि ताटाशेजारी ठेवतात. बुधवारी रात्री मी ताटं उचलली, रुमाल उचलले, सगळं कचऱ्यात टाकलं. गुरुवारी सकाळी सहाला कचऱ्याची गाडी आली आणि गेली. सातला मामंजींनी पेल्यात बघितलं. लोक देव पाण्यात घालून बसतात. आमच्या पेल्यात दातही नव्हते.

मी पाटीवर लिहिलं, 'दात कचऱ्यात गेले. चूक माझी.' मामंजींनी पाटी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

ते कवळीशिवाय बोलत नाहीत. एकतीस वर्षं त्यांनी रेडिओवर बातम्या वाचल्या. पूर आले, सरकारं पडली, पण त्यांचा उच्चार कधी पडला नाही. आता तोंडात दात नाहीत म्हटल्यावर ते शब्द बाहेर काढणं शक्यच नव्हतं. थोड्या वेळाने दाराखालून एक चिठ्ठी सरकली.

'ठळक बातमी. दात गेले. आज चार वाजता इस्पितळात वाचन आहे. उद्या पहाटे सहाला त्याचं ऑपरेशन. शेवटचं प्रकरण बाकी आहे आणि आज खुनी सांगेन असा शब्द मी दिलेला आहे. घरातल्यांनी काय ते करावं. बातम्या संपल्या.'

'तो' म्हणजे मामंजींचा रेडिओतला मित्र. काचेपलीकडे बसून बटणं दाबायचा, आणि मामंजींना 'सुरू करा' म्हणून अंगठा दाखवायचा. घरात आम्ही त्याला काचवाला म्हणतो. गेली चार वर्षं त्याला दिसत नाही, आणि आता हृदयाने दगा दिला होता. दोन महिने दर गुरुवारी मामंजी त्याला एक जाडजूड रहस्यकथा वाचून दाखवत होते. पाच खून झाले होते. काचवाल्याने डॉक्टरांना स्वच्छ सांगितलं होतं, "मला मारायचं तर खुशाल मारा, पण खुनी कळायच्या आत नाही."

आता दात कुठून आणायचे, तर त्याला घरातच उत्तर होतं. आमचे हे कवळ्या बनवतात. घरामागे अंगणापलीकडे त्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली, पण त्यांना खोली म्हटलेलं चालत नाही. पूर्वी तोंडात लगदा भरून ठसा घ्यायचे. आता एक कांडी तोंडात फिरवली की सगळा जबडा कॉम्प्युटरवर उमटतो, आणि शेजारचं यंत्र तो थर थर चढवत छापून देतं. जबड्याची फाइल असली की माणूस समोर नसला तरी चालतं. मामंजींच्या जबड्याची फाइल होती.

होती, पण ज्या कॉम्प्युटरमध्ये होती तो सोमवारी मेला होता. नवा बुधवारी आला होता, आणि ह्यांनी तो न उघडता त्याच्या खोक्यावर चहाचा कप ठेवायला सुरुवात केली होती. कांडी पुन्हा मामंजींच्या तोंडात फिरवावी, तर ती नव्या कॉम्प्युटरशी जुळवणं फक्त मुलालाच येतं.

मुलाने दूरदृष्टीने एक सोय करून ठेवली होती. रोज सगळे जबडे वायफायवरून जिन्यावरच्या राउटरशेजारच्या पेटीत उतरवले जात. आता त्या पेटीतून ते नव्या कॉम्प्युटरवर परत आणायचे, एवढंच काम. ती पेटी उचलून कारखान्यात आणली असती तर तासाभरात आटोपलं असतं. पण पेटी भिंतीतल्या लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुलाच्या खिशात, खिसा विमानात. एकटी मामंजींची फाइल मागवता येईल का, तर तेही नाही; यायचं तर गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी एकत्रच यायचं.

ह्यांनी हिशेब मांडला. "छापायला दोन तास. धुणं, पक्कं करणं, घासणं याला एक. इस्पितळात चालत जायला वीस मिनिटं. साडेबारापर्यंत फाइल हातात आली तर म्हाताऱ्याचं तोंड वाजेल."

आठ वाजता पडद्यावर किती उतरलं ते दाखवणारी पट्टी सुरू झाली. आधी म्हणाली, उरलेला वेळ नऊ तास. मग म्हणाली, चाळीस मिनिटं. मग दोन दिवस. मी बऱ्याच साधुपुरुषांची प्रवचनं ऐकली आहेत, पण इतक्या आत्मविश्वासाने इतकं वेगवेगळं बोलताना कुणाला ऐकलं नव्हतं.

"तू इथेच बस," हे मला म्हणाले. "तोंड बंदच आहे तुझं. नजर तेवढी पट्टीवर ठेव."

मी स्टुलावर बसले. नामस्मरण कुठेही बसून करता येतं. देवाला प्लास्टरच्या धुळीचं वावडं नाही, आणि असलंच तर त्याने सोळा वर्षांत तसं कळवलेलं नाही.

हे मात्र हातावर हात धरून बसणारे नव्हेत. कवळीचं गुलाबी ऍक्रिलिक साच्यात भरून ते मायक्रोवेव्हमध्ये भाजतात. तो मायक्रोवेव्ह मुळात माझा होता. कारखान्यात गेला तो गेलाच. त्याला आता 'भट्टी' म्हणतात. एक भाजणी तेरा मिनिटांची. चार गिऱ्हाइकांच्या जुन्या पद्धतीच्या कवळ्या भाजायच्या बाकी होत्या, त्या ह्यांनी काढल्या.

नऊच्या सुमाराला वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. चार घरं सोडून राहतात, शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून खडू हातात असल्यासारख्या चालतात.

"बाबांचे दात फेकलेस म्हणे, वहिनी?" त्या दारातूनच म्हणाल्या. "बोलू नकोस, बोलू नकोस. मला कळलंय. एवढ्या वर्षांत तू काहीतरी केलंस, हेही नसे थोडके."

मी दोन टिचक्या मारल्या.

"आणि तू रे ठोंब्या?" त्या भावाकडे वळल्या. "सोमवारी मशीन बंद पडलं आणि तू तीन दिवस काय त्याचं सुतक पाळत होतास?"

"ताई, तू पट्टी बघ."

"बघतेच. वीस टक्के. आठला सुरू, आता नऊ. म्हणजे टक्क्याला तीन मिनिटं." त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने आकडे लिहिले. "शंभराला तीनशे मिनिटं. एक वाजेल. अरे, कसं जमायचं?"

"मध्येमध्ये थांबते ना ती. चालते तेव्हा टक्क्याला दोनच मिनिटं घेते."

"पण का थांबते?"

"मला काय विचारतेस? तिचा स्वभाव असेल. आपल्या घरातलीच वस्तू आहे."

का थांबते ते मला अकरा वाजता कळलं. तोवर वेगळं काही करायला नव्हतंच, म्हणून पट्टी थांबली की मी पाटीवर एक रेघ मारत होते. तीन रेघा झाल्या होत्या. आणि तिन्ही वेळा माझ्या पाठीमागे भट्टी घुं करत होती. भट्टी सुरू झाली की पडद्याच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या पाकळ्या एकेक करून गळायच्या, 'जोडणी तुटली' असं यायचं, आणि भट्टी टिंग करून थांबली की पाच-सात मिनिटं चाचपडून गाडी पुन्हा सुरू. आम्ही एका हाताने मामंजींचे दात मागवत होतो आणि दुसऱ्या हाताने लोकांचे दात भाजून ते वाटेतच अडवत होतो. असा घोळ दुसऱ्या कुठल्या घरात होणं शक्य नाही. दुसऱ्या घरात मायक्रोवेव्हमध्ये अन्न असतं.

पट्टी एकसष्टवर होती. टक्क्याला दोन मिनिटं धरली तर अठ्ठ्याहत्तर मिनिटं. बारा वीसला काम फत्ते. फक्त भट्टी लागता कामा नये. आणि हे चौथा साचा घेऊन भट्टीकडे निघाले होते.

मी उठून आडवी उभी राहिले आणि हात हलवले.

"पंखा बंद करू?" हे म्हणाले.

एक टिचकी.

"लावू?"

एक टिचकी. मी पाटीवर 'भट्टीमुळे थांबतं' असं लिहून त्यांच्या नाकासमोर धरली. त्यांचा चष्मा प्लास्टरच्या धुळीने पांढरा झालेला होता. त्यांनी पाटीकडे पाहून मान डोलावली, जशी ते माझ्या सगळ्याच म्हणण्याला डोलावतात, आणि मला वळसा घातला.

वन्संनी पाटी वाचली. "भट्टीचा काय संबंध, वहिनी? ती तिकडे, हा इकडे. दोघांचे प्लगसुद्धा वेगळे. नेमाने डोकं शांत होतं म्हणतात, तुझं फारच झालंय."

खट्. साचा आत गेला. ह्यांचं बोट बटणावर. आता सांगते, मला तेव्हा तोंड उघडता आलं असतं. बारा वाजायला अजून पंचावन्न मिनिटं होती. पण सोळा वर्षं म्हणजे थोडी नव्हेत, आणि मला वाटलं की न बोलताही काम होईल. हा अहंकारच. देवापुढे मी फार गरीब असते, पण माझ्या नेमापुढे देवाचंही काही चालत नाही.

मी खाली वाकले आणि भट्टीचा प्लग उपटला.

भट्टी घुं करायला लागली. कॉम्प्युटर काळा झाला.

पुढच्या क्षणी माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. तो मी लहानपणी नळावरच्या भांडणात ऐकला होता, आणि तो माझ्यात इतकी वर्षं जिवंत असेल याची मला कल्पना नव्हती. माझा आवाज मुळात हळू. शेजारणी मला 'जरा जोरात' असंच म्हणतात. हा शब्द मात्र अंगण ओलांडून घरात गेला. मामंजींच्या खोलीची खिडकी उघडली.

"वहिनी!" वन्सं म्हणाल्या. त्यांच्या आवाजात प्रथमच आदर होता.

"भट्टी," मी म्हणाले. "भट्टी बंद करा. भट्टी लागली की वायफाय मरतं. तीन वेळा मेलं. तेच सांगतेय मघापासून."

"मग बोलायचं ना!" हे म्हणाले.

यावर मला तो शब्द पुन्हा आठवला, पण आवरला.

ह्यांनी भट्टी बंद केली. कॉम्प्युटर लावला. त्याने बराच विचार करून विचारलं, 'आधीचं काम अपुरं राहिलं आहे. नव्याने सुरू करायचं का?' दुसरा पर्याय दिलाच नव्हता. सव्वाअकराला पट्टी पुन्हा शून्यावर आली.

वन्संनी भिंतीवर आकडे मांडले. दोनशे मिनिटं. दोन पस्तीस. त्यानंतर तीन तास. आकडे मलाही जमतात.

"प्लगवर खुणा करायला काय झालं होतं?" थोड्या वेळाने त्या भावाला म्हणाल्या.

"कुणी प्लगच उपटेल असं वाटलं नव्हतं."

"एवढ्या वर्षांत ओळखता आली नाही तुला बायको."

मी देवाची माफी मागितली. तो काही बोलला नाही. त्याचा नेम बहुधा चोवीस तासांचा असावा.

दुपार तशीच गेली. पट्टी आता शहाण्यासारखी चालली होती, टक्क्याला दोन मिनिटं, ना कमी ना जास्त, म्हणून तिचा जास्तच राग येत होता. दोन पस्तीसला ती भरली. गावातले सगळे जबडे एकदम पडद्यावर आले, आणि त्यांत मामंजींचा. छापखाना सुरू झाला. बहीणभाऊ लगेच भांडायला लागले, दोन तासांच्या छपाईतून काही चोरता येईल का यावर.

"नुसते वरचे छाप."

"वरचे खाली कशावर आपटतील, ताई?"

"मग नुसते पुढचे!"

मी वाटीत सूप घेऊन मामंजींच्या दाराशी गेले. त्यांनी दार उघडलं. दात नसले की माणसाचा चेहरा मधोमध बसतो, उशीत कुणी मूठ दाबावी तसा. खुर्चीवर पुस्तक होतं, शेवटच्या काही पानांशी खूण घातलेलं. अंगावर मात्र बाहेर जायचा सदरा होता, वरच्या बटणापर्यंत लावलेला.

त्यांनी कागदावर लिहिलं, 'किती टक्के?'

"शंभर झाले," मी म्हणाले. "पण दात साडेपाचला मिळतील."

त्यांनी लिहिलं, 'हं.' एवढ्यासाठी माणूस सहसा पेन उचलत नाही.

"चूक माझी. दोन्ही वेळची."

त्यांनी हाताने ते उडवून लावलं.

"इस्पितळात फोन करून सांगू का, उद्या येतील म्हणून?"

'उद्या सहाला त्याला आत नेतील,' त्यांनी लिहिलं. 'भूल दिलेल्या माणसाला खुनी सांगून काय उपयोग.'

"मग मी जाऊन वाचते."

यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सकाळपासून पहिल्यांदा बोलले. "तू वाचलंस, तर खुनी झोपून जाईल."

त आणि स नुसती हवा होऊन बाहेर पडले. एकतीस वर्षं ज्या आवाजावर लोकांनी घड्याळं लावली, तो आवाज फाटक्या भात्यासारखा आला. मी हसले. हसायला नको होतं, पण आज तसंही सगळं सुटलंच होतं. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि मग तेही हसले, सगळ्या हिरड्यांनिशी.

"एक पान मला वाचून दाखवा," मी म्हणाले.

"कशाला?"

"कळतं का बघू."

त्यांनी पुस्तक उघडलं, घसा साफ केला, पाठ ताठ केली. वाचलं. मी डोळे मिटून ऐकलं. पान संपल्यावर त्यांनी भुवया वर केल्या.

खोटं बोलायचं नाही हाही माझा एक नेम आहे, आणि एका दिवसात दोन मोडायची माझी तयारी नव्हती. "निम्मं कळलं," मी म्हणाले.

"कुठलं निम्मं?"

"बागेत प्रेत सापडलं ते कळलं. कुणाचं ते नाही कळलं."

"माळ्याचं."

"पण माळ्यावरच तर सगळ्यांचा संशय होता ना?"

"म्हणून तर!" ते इतके उत्साहाने म्हणाले की थोडी थुंकी माझ्या हातावर आली. त्यांनी लाजून रुमाल पुढे केला. मी हात पदराला पुसला. "पुन्हा वाचतो," ते म्हणाले. "सावकाश."

या वेळी ते बातम्या वाचल्यासारखं वाचत नव्हते. प्रत्येक शब्दाशी थांबत होते, जीभ कुठे टेकवायची ते शोधत होते, जिथे टेकायला काहीच नव्हतं तिथे ओठांनी निभावून नेत होते. माळी कसा मेला ते मला कळलं. वाईट मेला.

"पाऊण," मी म्हणाले.

त्यांनी राहिलेली पानं मोजली. चौदा. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. भेटीची वेळ चार ते पाच. "दोनदोनदा वाचलं तरी बसेल," ते म्हणाले.

"त्याला दिसत नाही, ते एक बरं आहे," मी म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

"फार बरं आहे," मामंजी म्हणाले. "नाहीतर मेला हसून हसून आजच जायचा."

"आणि वॉर्डातले बाकीचे?"

"त्यांतल्या निम्म्यांचे दात तुझ्या नवऱ्याने केलेत. हसू देत. दात बसलेत की नाही ते तरी कळेल."

सूप प्यायले, वाटी मला दिली. आरशासमोर उभे राहिले. नाकापासून हनुवटीपर्यंत रुमाल बांधून बघितला, डावीकडून, उजवीकडून. मग सोडला, घडी केली, खिशात घातला.

अंगणापलीकडून वन्संचा आवाज येत होता. "अरे, धुण्याचा अर्धा तास कमी कर, ते काय लग्नाला निघालेत?" त्यावर हे काहीतरी ओरडले, आणि छापखाना मध्येच तक्रार केल्यासारखा कुरकुरला. दोघंही पडद्याला नाक लावून, दाराकडे पाठ करून उभी होती.

"त्यांना सांगू?" मी विचारलं.

मामंजींनी माझ्या हातातल्या वाटीवर नखाने एक टिचकी मारली.

साडेतीन वाजले होते. त्यांनी जोडे दारात न घालता हातात घेतले, अंगणाच्या कडेने कारखान्याच्या खिडकीखालून वाकून पलीकडे गेले, आणि फाटकाजवळच्या पायरीवर बसून नाड्या बांधल्या. फाटक करकरतं, म्हणून ते बिजागरीवर जरा उचलून उघडलं. शेवटच्या प्रकरणात बोट घालून पुस्तक काखेत धरलं. रस्त्यावर आल्यावर त्यांचे ओठ हलू लागले होते. पहिलं वाक्य ते चालता चालता म्हणून बघत होते, अडत होते, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते, आणि थांबत मात्र नव्हते.